पाणी सोडावे की धरावे?

पावसाळ्याच्या तोंडावर कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील काही शिक्षकांशी बोलण्याचा योग आला. विषय ठरला होता ‘पाऊस कसा मोजतात’. पर्जन्यमापक, मिलिमीटर, पाणलोट क्षेत्र हे सगळे सांगून झाले. प्रश्नोत्तरांत मागच्या रांगेतील एका शिक्षिकाबाईंनी विचारले, “सर, पूर आला की गावात जो तो म्हणतो, वरून पाणी सोडलं म्हणून पूर आला. हे खरं असतं का? आणि खरं असेल तर पाणी सोडणाऱ्याला रात्री झोप कशी लागते?”

प्रश्नाचा पहिला भाग विज्ञानाचा होता, दुसरा नीतीचा. पहिल्या भागाचे उत्तर आम्ही फळ्यावर आकडेमोड करून दिले. दुसऱ्याला मात्र ‘तो वेगळा विषय आहे’ असे म्हणून बगल दिली. परतताना गाडी घाट चढू लागली तेव्हा ही बगल मनाला टोचत राहिली. तो विषय खरोखर वेगळा आहे का? पुराच्या रात्री दरवाजाच्या चाकाशी उभ्या असलेल्या अभियंत्याला दोन्ही प्रश्न एकाच वेळी सोडवावे लागतात. म्हणून या लेखात आपण त्या बाईंच्या प्रश्नाचे दोन्ही भाग एकत्र पाहू या.

डोंगराच्या दोन बाजू

कर्जत-खालापूरचा भूगोल या प्रश्नासाठी फार सोयीचा आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर, लोणावळ्याच्या आसपास, लोणावळा, वळवण आणि शिरवटा हे तलाव आहेत. त्यांचे पाणी मोठ्या नळांतून कोकणात उतरते आणि खोपोलीच्या वीजगृहातील चक्रे फिरवते. हे वीजगृह १९१५ साली सुरू झाले. थोडे उत्तरेला ठोकळवाडीचा तलाव आहे. त्याचे पाणी कर्जत तालुक्यातील भिवपुरीच्या वीजगृहात येते. ते १९२२ सालचे. वीज करून झाल्यावर उरलेल्या पाण्याला ‘अवजल’ म्हणतात. खोपोलीचे अवजल पाताळगंगेत जाते, भिवपुरीचे उल्हास नदीत. उन्हाळ्यात कर्जतच्या राजनाला कालव्यावर जे भात डोलते ते याच अवजलावर.

आता गंमत अशी की हे सगळे तलाव घाटमाथ्याच्या पूर्व उतारावर आहेत. निसर्गाच्या मर्जीवर सोडले तर त्यांचे पाणी इंद्रायणीत, तिथून भीमेत, कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जाईल. माणसाने बोगदे आणि नळ घालून ते पश्चिमेला अरबी समुद्राकडे वळवले. म्हणजे तलाव भरला की तेथील पाण्याला दोन वाटा असतात. वीजगृह चालू ठेवले तर ते खाली कर्जतकडे उतरेल. बंद ठेवले तर सांडव्यावरून इंद्रायणीत पडेल, आणि इंद्रायणीच्या काठी देहू आहे, आळंदी आहे.

समजा, मुसळधार पावसाच्या रात्री उल्हास दुथडी भरून वाहते आहे आणि इंद्रायणीही. ठोकळवाडीचा तलाव काठोकाठ भरला आहे. वीजगृह चालू ठेवावे की बंद करावे? अमुक एका साली असा पेच पडला होता असे आम्हाला म्हणायचे नाही. विचार करण्यासाठी घेतलेले हे उदाहरण आहे, एवढेच.

आधी गणित

नीतीची चर्चा सुरू करण्यापूर्वी आकडे माहीत हवेत, नाहीतर ती नुसती हळहळ होते. भिवपुरीची क्षमता ७५ मेगावॉट आहे. पाणी सुमारे ५०० मीटर उंचीवरून येते. यंत्रांची कार्यक्षमता ८५ टक्के धरू. वीजशक्ती म्हणजे पाण्याची घनता, गुरुत्वत्वरण, दर सेकंदाचा प्रवाह, उंची आणि कार्यक्षमता यांचा गुणाकार. दहावीच्या विद्यार्थ्याला जमेल असा हा हिशोब आहे. ७,५०,००,००० भागिले (१००० × ९.८ × ५०० × ०.८५) केले की उत्तर येते सेकंदाला सुमारे १८ घनमीटर, म्हणजे साधारण ६३५ क्युसेक.

हे पाणी खूप की थोडे? ते पावसाशी ताडून पाहू. एका चौरस किलोमीटरवर एका तासात ६५ मिलिमीटर पाऊस पडला आणि सगळा वाहून गेला तर तेवढाच प्रवाह होतो. आता उल्हासच्या खोऱ्यातील फक्त १०० चौरस किलोमीटर घ्या. तिथे तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडतो आहे आणि जमीन आधीच तुडुंब भिजलेली आहे असे धरा. तासाला ५० लाख घनमीटर पाणी, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १,४०० घनमीटर. त्यात वीजगृहाचे १८ म्हणजे शेकड्याला सव्वा. रुंद पात्रात प्रवाह एवढ्याने वाढला तर पाच मीटर खोल पाण्याची पातळी सुमारे चार सेंटिमीटरने वाढेल.

तेव्हा ‘वरून पाणी सोडलं म्हणून पूर आला’ हे या बाबतीत तरी बरोबर ठरत नाही. पूर आणला पावसाने. पण सगळ्याच धरणांना हे उत्तर लागू करू नये. कोयनेसारख्या धरणाच्या सांडव्यावरून लाखभर क्युसेक सोडावे लागतात तेव्हा तो आकडा सेकंदाला २,८०० घनमीटरच्या घरात जातो. तिथे दरवाजा किती उघडायचा आणि कधी, यावर खालच्या गावांचे भवितव्य खरोखर ठरते.

अशा धरणांसाठी एक साधा दंडक आहे. पूर चढत असताना जेवढी आवक आहे त्याहून अधिक विसर्ग शक्यतो करू नये. धरण नसते तर जेवढे पाणी आले असते तेवढेच, किंवा त्याहून कमी, खाली जाईल हे पाहायचे. हा दंडक पाळता येण्यासाठी मात्र तलावात थोडी जागा रिकामी असावी लागते. ही जागा पुराच्या रात्री निर्माण करता येत नाही. ती आधीच ठेवावी लागते. हा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण पुढे तो पुन्हा येणार आहे.

गणित कोठे थांबते

आता चार सेंटिमीटरकडे परत येऊ. ज्याच्या घराच्या उंबऱ्याला पाणी आधीच टेकले आहे त्याला चार सेंटिमीटर म्हणजे धान्याची कणगी भिजणे. वीजगृह बंद केले तर त्याची कणगी वाचेल, पण तेवढेच पाणी इंद्रायणीकाठच्या दुसऱ्या कोणाच्या उंबऱ्याकडे जाईल. शिवाय रुग्णालये, लोकलगाड्या, पाणी उपसणारे पंप यांना त्याच रात्री वीज हवी असते.

येथे दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की ‘काहीच न करणे’ नावाचा निष्पाप पर्याय अभियंत्याला नसतो. दरवाजाला हात न लावणे हाही निर्णयच असतो आणि त्याचेही परिणाम कोणाला तरी भोगावे लागतात. दुसरी अशी की कोणाचे नुकसान किती मोजायचे हे भौतिकशास्त्र सांगत नाही. पातळी किती वाढेल ते समीकरण सांगते. ती कोणाच्या दारात वाढावी याचे उत्तर आपल्याला अन्यत्र शोधावे लागते. ते उत्तर एकट्या अभियंत्याने मध्यरात्री शोधावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. कोणती गावे, कोणते पूल, कोणती शेते कोणत्या क्रमाने वाचवायची हे पावसाळ्यापूर्वी, लोकांना विचारून, कागदावर ठरलेले असावे.

तसे ठरलेले नसले, किंवा ठरवायला अवसरच ठेवलेला नसला, तर काय होते याचा महाराष्ट्राला फार महागात पडलेला धडा म्हणजे पानशेत.

पानशेत, १२ जुलै १९६१

मुठा नदीला मिळणाऱ्या आंबी नदीवर पानशेतचे मातीचे धरण बांधले जात होते. काम ठरलेल्या मुदतीच्या आधी, १९६१ च्या पावसाळ्यातच पाणी अडवता यावे अशा बेताने घाईने पुढे रेटले गेले. पावसाळा उजाडला तेव्हा धरणाचा भराव उभा होता, परंतु पाणी नियंत्रितपणे बाहेर सोडणारा विमोचक पुरा झालेला नव्हता. त्याच्या दरवाजांची उभारणी अर्धवट होती आणि ते वरखाली करणारी यंत्रणा बसलेली नव्हती. भरावाच्या पोटातून जाणाऱ्या विमोचकाच्या नळीतून पाणी बेबंद वाहू लागले, तिला हादरे बसू लागले. नळी खिळखिळी झाली तसा तिच्यावरचा भराव खचू लागला.

११ जुलैच्या रात्री लष्कराचे जवान खचत्या भरावावर वाळूची पोती रचत होते. त्यांनी धरण वाचवले नाही, पण फुटण्याची घटका पहाटेपलीकडे ढकलली आणि त्यामुळे असंख्य जीव वाचले असे पुण्यात आजही कृतज्ञतेने सांगितले जाते. १२ तारखेला सकाळी पानशेत फुटले. तो लोंढा खालच्या खडकवासला धरणावर येऊन आदळला आणि काही तासांत तेही फुटले. मुठेवरचे पूल पाण्याखाली गेले, नदीकाठच्या पेठा उद्ध्वस्त झाल्या, हजारो कुटुंबे उघड्यावर आली. खडकवासल्याचे पाणीच गेल्यामुळे शहराचा पाणीपुरवठाही खुंटला. पुढे न्यायमूर्ती नाईक आयोगाने या दुर्घटनेची चौकशी केली.

या घटनेकडे नीतीच्या दृष्टीने पाहताना आपण सहसा ११ जुलैच्या रात्रीवर लक्ष देतो. कोणी कोणाला कळवले, शहराला वेळेवर सावध का केले नाही, असे प्रश्न विचारतो. ते विचारलेच पाहिजेत. धरण खचते आहे हे जाणकारांना दिसत होते, पण नदीकाठच्या बहुसंख्य पुणेकरांना पाणी दारात आल्यावरच कळले. भीती पसरेल म्हणून खबर दाबून ठेवणे ही अधिकाऱ्यांची जुनी सवय आहे. पण ज्याचा जीव धोक्यात आहे त्याला तो धोका माहीत असण्याचा हक्क आहे. त्याला घाबरू द्यायचे की नाही हे दुसऱ्या कोणी ठरवायचे नसते.

तरीही खरा निर्णय त्या रात्रीचा नव्हता. तो काही महिने आधीच झाला होता. पाणी बाहेर काढण्याची सोय पुरी नसताना पाणी अडवायचे, हा तो निर्णय. त्या निर्णयाने पुराच्या रात्रीचे सर्व पर्याय आधीच काढून घेतले. दरवाजा उघडावा की नाही असा पेचच अभियंत्यांपुढे उरला नाही, कारण उघडायला धड दरवाजा नव्हता. म्हणून आम्हाला असे वाटते की अभियंत्याचे पहिले नैतिक कर्तव्य म्हणजे संकटकाळासाठी पर्याय शिल्लक ठेवणे. मुदत, उद्घाटनाची तारीख, वरिष्ठांची मर्जी यांच्यासमोर ‘विमोचक पुरा झाल्याशिवाय पाणी अडवणार नाही’ हे वाक्य उच्चारायला जे धैर्य लागते ते वाळूची पोती वाहण्याच्या धैर्याहून कमी नाही. फरक इतकाच की त्याची दखल कोणी घेत नाही. कारण ते यशस्वी झाले तर काहीच घडत नाही.

कारम, ऑगस्ट २०२२

पानशेतनंतर ६१ वर्षांनी जवळजवळ तोच प्रसंग मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात उभा राहिला. कारम नदीवर मातीचे नवे धरण बांधले जात होते. काम अपुरे, पहिलाच पावसाळा, आणि ११ ऑगस्ट २०२२ रोजी भरावातून पाणी झिरपताना दिसले. चूक जवळजवळ तीच, पण पुढचे वागणे वेगळे होते. खालची १८ गावे रिकामी करण्यात आली. लष्कर बोलावले गेले. आग्रा-मुंबई महामार्गावरची वाहतूक थांबवली गेली. आणि अभियंत्यांनी एक अवघड गोष्ट केली. धरणाच्या बाजूने यंत्रांनी चर खणून त्यांनी स्वतःच पाण्याला वाट काढून दिली. धरण आपोआप फुटू देण्याऐवजी ते सावकाश रिकामे केले. तीन-चार दिवसांत धोका टळला. जीवितहानी झाली नाही.

आपल्याच हाताने बांधलेले धरण कापायचे, म्हणजे झालेली चूक सगळ्या जगासमोर मान्य करायची. शिवाय चर खणताना तो हाताबाहेर जाण्याची भीती होतीच. म्हणून क्रम महत्त्वाचा ठरला: आधी माणसे हलवली, मग पाण्याला हात घातला. यानंतर ठेकेदारांवर कारवाई झाली, अभियंतेही चौकशीच्या फेऱ्यातून सुटले नाहीत. ते योग्यच. पुराच्या दिवशी चांगले वागल्याने आधीची बेफिकिरी धुतली जात नाही. परंतु आधी चूक झाली म्हणून नंतर ती लपवत बसावे असेही नाही. दोन्ही हिशोब स्वतंत्र मांडावे लागतात.

अंदाजावर विसंबावे का?

ज्या धरणांचे दरवाजे उत्तम चालतात तेथेही एक पेच उरतो. वेधशाळा सांगते की दोन दिवसांनी अतिवृष्टी होणार. तलाव ८५ टक्के भरला आहे. आत्ताच पाणी सोडून जागा करावी का? अंदाज खरा ठरला तर शहर वाचेल. खोटा ठरला तर उन्हाळ्यात पिण्याचे पाणी आणि वीज कमी पडेल आणि ‘चांगले पाणी वाया घालवले’ असा ठपका येईल. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला महापुराने वेढले तेव्हा हाच वाद आपल्याकडे कितीतरी महिने चालला आणि राज्य शासनाला वडनेरे समिती नेमावी लागली.

याच पेचावर ऑस्ट्रेलियात एक दीर्घ खटला चालला. जानेवारी २०११ मध्ये ब्रिस्बेन शहरात मोठा पूर आला. वर वायव्हेनहो धरण होते. धरण चालवण्याच्या पुस्तिकेत प्राधान्यक्रम लिहिलेला होता: पातळी कमी असताना खालचे छोटे पूल शक्यतो वाहतुकीला मोकळे ठेवायचे, पातळी वाढली की शहरी वस्ती सांभाळायची, आणि सर्वांत वर धरणाची स्वतःची सुरक्षितता. अभियंते प्रामुख्याने जमिनीवर पडून गेलेल्या पावसाच्या आधारे दरवाजे हलवत होते. त्यांनी अंदाजाला अधिक महत्त्व देऊन आधीच जास्त पाणी सोडायला हवे होते, असा हजारो पूरग्रस्तांचा दावा होता. २०१९ साली न्यायालयाने तो मान्य करून अभियंत्यांना हलगर्जीपणाबद्दल दोषी धरले. २०२१ साली अपील न्यायालयाने धरण चालवणाऱ्या मुख्य संस्थेच्या बाबतीत तो निकाल फिरवला. आठ-दहा वर्षे, शेकडो तास साक्षीपुरावे, आणि तरीही दोन न्यायालयांची दोन मते! अभियंत्यांनी मात्र ते निर्णय मोजक्या तासांत, अपुऱ्या झोपेत घेतले होते.

यावरून ‘मग काहीच ठरवता येत नाही’ असा निष्कर्ष मात्र काढू नये. एक साधी कसोटी उपयोगी पडते. सावधगिरीचा खर्च आणि सावध न राहिल्यास होणारी हानी यांचे गुणोत्तर काढा. संकटाची शक्यता त्या गुणोत्तराहून जास्त असेल तर सावध व्हावे. समजा, २०० माणसांची एक वाडी एका रात्रीसाठी शाळेत हलवायला माणशी ५०० रुपये, म्हणजे एक लाख रुपये खर्च आहे. त्या रात्री दरड किंवा पूर येऊन ५० माणसे दगावण्याची शक्यता हजारात एक आहे. तर हिशोबाने सरासरी ०.०५ जीव वाचतो, म्हणजे एका जिवामागे २० लाख रुपये. आकडे काल्पनिक आहेत, पण विद्यार्थ्यांना विचारून पाहा, एवढा खर्च करावा का? हजारात एक ही शक्यता ऐकायला क्षुल्लक वाटते, पण जीव पणाला लागलेले असतात तेव्हा ती मुळीच क्षुल्लक राहत नाही.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. वाडी दहा वेळा हलवली आणि दहाही वेळा काही झाले नाही, तर अकराव्या वेळी लोक येणार नाहीत. ‘लांडगा आला रे आला’ ची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. पण त्या गोष्टीतला मुलगा खोटे बोलत होता. इशारा देणाऱ्याने ‘संकट येणारच’ असे न म्हणता ‘शक्यता इतकी आहे, म्हणून चला’ असे खरे सांगितले, तर इशारा फुकट गेला तरी विश्वास टिकतो. अनिश्चितता लपवली की मात्र तो हमखास जातो.

लोखंडात घातलेला नियम

मग यंत्रालाच निर्णय घेऊ द्यावा का? कल्पना नवी नाही. मुंबई इलाख्यात अभियंता असताना मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी स्वयंचलित दरवाजे योजले आणि १९०३ साली ते खडकवासल्यावर बसवले गेले. पाणी ठरावीक पातळीवर चढले की दरवाजे आपोआप उघडत आणि उतरले की मिटत. राधानगरी धरणाला आजही असे सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पावसाळ्यात ‘अमुक नंबरचा दरवाजा उघडला’ ही कोल्हापूरकरांच्या रोजच्या बोलण्यातली बातमी असते.

अशा दरवाजाचे गुण मोठे आहेत. त्याला झोप लागत नाही, टेलिफोन बंद पडला तरी तो चालतो, त्याच्यावर कोणाचा दबाव येत नाही. पण त्याला खालच्या गावातील जत्रा दिसत नाही आणि उद्याचा अंदाजही कळत नाही. यंत्र नीतीचा प्रश्न सोडवत नाही. ते तो आरेखन करणाऱ्याच्या टेबलावर, कित्येक वर्षे मागे, नेऊन ठेवते. आजचे संगणकही याला अपवाद नाहीत.

घाटातला गस्तवाला

पुन्हा कर्जतला येऊ. कर्जत ते लोणावळा हा रेल्वेचा घाट पावसाळ्यात दरडींमुळे नेहमी धोक्यात असतो. रेल्वेचे गस्तवाले पावसात रुळांवरून पायी फिरतात. हातात दिवा, बावटा आणि रुळावर लावायचे फटाके. रुळावर दरड किंवा पाणी दिसले तर गाडी थांबवणे हे गस्तवाल्याचे कर्तव्यच आहे. त्यासाठी त्याने कोणाची परवानगी घ्यायची नसते. दीड हजार माणसांची गाडी थांबवण्याचा अधिकार यंत्रणेने आपल्या सर्वांत खालच्या पायरीवरच्या माणसाला दिला आहे, कारण धोका सर्वांत आधी त्याला दिसतो. आम्हाला ही व्यवस्था नीतिशास्त्राचा उत्तम धडा वाटते.

धरणांवर असेच असायला हवे. झिरपणारे पाणी गढूळ झालेले पहिल्यांदा पाहतो तो चौकीदार किंवा खालच्या शेतातला शेतकरी. रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूणजवळचे तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले, त्याआधी गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी केल्या होत्या. पाहणाऱ्याला अधिकार नव्हता आणि अधिकार असणाऱ्याने पाहिले नाही, किंवा पाहूनही तातडी मानली नाही. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने मोठ्या धरणांना आपत्कालीन कृती आराखडा सक्तीचा केला आहे. त्या आराखड्यात धोका प्रथम पाहणाऱ्याच्या शब्दाला वजन असले तरच तो उपयोगी पडेल.

खालापूर तालुक्यातच, चौकजवळ इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले आणि बेपत्ता ५७ जणांना शोध थांबवून मृत मानावे लागले. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. येथे तज्ज्ञांसाठी धडा आहे. आपण यादी करतो तेव्हा वाचणारा असे समजतो की यादीत नाही ते सुरक्षित. खरे तर त्याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो की तिथे अजून कोणी तपासले नाही. ‘तपासले, धोका नाही’ आणि ‘तपासले नाही’ या दोन गोष्टी वेगवेगळ्या रकान्यांत लिहिणे हा शास्त्रीय काटेकोरपणा तर आहेच, पण तो नीतीचाही भाग आहे.

वर्गात काय करता येईल

शिक्षकांनी हा विषय व्याख्यानाने संपवू नये. नववी-दहावीच्या वर्गाचे पाच गट करावेत: धरणावरचा अभियंता, खालच्या गावचा सरपंच, वीजगृहाचा अधिकारी, वेधशाळेतील शास्त्रज्ञ आणि नदीकाठी राहणारे एक कुटुंब. फळ्यावर तलावाची पातळी, आवक आणि उद्याचा अंदाज लिहावा. प्रत्येक गटाने दहा मिनिटांत आपली मागणी आणि तिचे कारण सांगावे. मग अभियंत्याच्या गटाने निर्णय देऊन तो कारणांसह वहीत लिहावा. पुढच्या तासाला ‘काय घडले’ हे चिठ्ठी उचलून ठरवावे. चिठ्ठी वाईट निघाली म्हणून निर्णय चुकीचा होता का, ही चर्चा सर्वांत रंगते. चांगल्या निर्णयाचा परिणाम वाईट होऊ शकतो आणि वाईट निर्णय नशिबाने निभावून जातो, हे मुलांना लहान वयातच समजलेले बरे. निर्णय वहीत लिहायला लावण्याचे कारणही तेव्हा त्यांना उमगेल. लिहिलेले असेल तर नंतर तपासता येते, आणि पुढच्या पुरात तीच चूक टाळता येते.

जोडीला शाळेच्या अंगणात पर्जन्यमापक बसवावा. सपाट तळाचा, सरळ भिंतींचा डबा आणि मोजपट्टी एवढे पुरते. रोज सकाळी साडेआठला नोंद घेऊन ती शाळेबाहेरच्या फळ्यावर लिहावी. गावाला आकडे वाचायची सवय लागली की ‘वरून पाणी सोडलं’ हे वाक्य ऐकून कोणीतरी विचारेल, ‘किती क्युसेक? किती वाजता?’ हा प्रश्न विचारणारे गाव आणि त्याचे खरे उत्तर देणारा अभियंता, दोघेही एकमेकांच्या उपयोगी पडतील.

राहता राहिला बाईंचा दुसरा प्रश्न, झोपेचा. ज्याने उन्हाळ्यातच दरवाजांना वंगण घातले, विमोचक तपासला, खालच्या गावांना नकाशा दाखवला, अंदाज जसा आहे तसा सांगितला आणि घेतलेल्या निर्णयाखाली सही केली, त्यालाही पुराच्या रात्री झोप लागत नाही. लागूही नये. पण पूर ओसरल्यावर लोकांच्या नजरेला नजर देऊन तो काय केले आणि का केले ते सांगू शकतो. पुढच्या वेळी कर्जतला गेलो की आम्ही त्या बाईंना एवढे उत्तर देणार आहोत.